अठ्ठावीस वॅटचा आवाज

औदुंबर खटकाळ्यांच्या आवाजाला पंखा होता. थट्टा वाटत असेल तर सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात जाऊन कुणालाही विचारा. औदुंबरआबा दावणीच्या पलीकडे असले, दिसत नसले, तरी आधी बारीक घुरघुर ऐकू यायची आणि मागोमाग आवाज: "राम राम पाटील! खोंड इकायला आणलंय का नुसतंच मिरवायला?"

घशाच्या कॅन्सरात त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं त्याला सहा वर्षं झाली होती. गळ्याच्या खळग्यात श्वासासाठी भोक, त्याच्या वर कातडीला चिकटणारी रबरी पट्टी, छातीवर बिल्ल्याएवढा स्पीकर आणि खांद्याला लॅपटॉपची पिशवी. पिशवी वैजंताबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कांद्याच्या जाळीतून शिवली होती, आत वारा खेळावा म्हणून. आबांचं बोलणं त्या पिशवीत राहायचं.

माणूस बोलतो तेव्हा मेंदू जिभेला, जबड्याला, गळ्याच्या स्नायूंना हुकूम सोडतो. हुकूम म्हणजे विजेची अगदी बारीक लहर. स्वरयंत्र गेलं तरी हुकूम सुटायचे थांबत नाहीत; घरमालक गाव सोडून गेला तरी पोस्टमन दारात येतोच. गळ्याची पट्टी त्या लहरी पकडायची, लॅपटॉप त्यांचे शब्द जुळवायचा आणि स्पीकरमधून आबांचाच आवाज यायचा. तो आवाज लग्नांच्या जुन्या व्हिडिओंतून आणि बाजारातल्या रेकॉर्डिंगमधून वेचून बनवला होता. अट एकच. लहर उठल्यापासून शब्द बाहेर पडेपर्यंत पापणी लवेल एवढाच वेळ. त्याहून उशीर झाला तर आपलाच आवाज आपल्याला मागून ऐकू येतो आणि जीभ अडखळते. तेवढ्याशा वेळात हजारो बारकी गणितं एकदम सोडवावी लागतात, आणि त्या कामात लॅपटॉपचा पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, म्हणजे ग्राफिक्स, सगळ्यात तरबेज.

आता आबांच्या लॅपटॉपचा प्रोसेसर होता मध्यम. ना हलका, ना भारी. आठ कोअर, म्हणजे गणितं करणारे आठ मेंदू, त्यातले निम्मे जोरकस आणि निम्मे काटकसरी. ग्राफिक्सला वेगळं घर नाही, त्याच सिलिकॉनच्या तुकड्यात एका अंगाला बसवलेलं. त्याला स्वतःची मेमरी नाही, प्रोसेसरच्याच ताटातलं खायचं. आणि दोघांत मिळून विजेची मर्यादा अठ्ठावीस वॅटची. जोर काढला तर हा गडी दुप्पट वेगानं पळायचा, पण अर्धं मिनिट. मग तापायचा, पंखा घुरघुरायचा आणि वेग खाली यायचा. वेग उतरला की आबांचे शब्दही बैलगाडी चढाला लागल्यासारखे एकेक येत.

ह्यानं माणूस बदलला. पूर्वी आबांना पाणी मागायचं असलं तरी आधी गावाचा इतिहास सांगायचे. आता मुद्दा आधी, पाल्हाळ नंतर, तेही पंखा राहू देईल तेवढंच. भांडणाची तर फारच पंचाईत. रागाची पहिली दोन वाक्यं सुसाट जायची आणि तिसऱ्याला यंत्र तापून असं सावकाश, शांत बोलायचं की समोरच्याला हसू फुटायचं. वैजंताबाई शेजारणींना सांगत, "देवानं केलं न्हाई ते पंख्यानं केलं बघा."

असं सगळं बरं चाललं होतं, आणि त्यात प्रांजलचं लग्न ठरायला आलं.

प्रांजल आबांची एकुलती एक लेक, पुण्यात नोकरीला. तिनं अकलूजचा हर्षद स्वतः पसंत केला होता आणि दोन्हीकडून होकार होता. राहिली होती ती सुपारीची बैठक. चार माणसांत बसून मुलीच्या बापानं शब्द द्यायचा आणि सुपारी फोडायची, म्हणजे लग्न पक्कं. बैठकीच्या आधीच्या सुट्टीत प्रांजल आली ती नवा लॅपटॉप घेऊन. जुना तिनं मागच्या खेपेलाच गोड बोलून दुरुस्तीला म्हणून नेला होता आणि तोवर आबांना तात्पुरता एक दिला होता. आता कळलं की जुना बदल्यात दिला, आणि दुकानानं तो मोडीतही काढला.

"आबा, तुमचं वाक्य अर्ध्यात थकतं," ती म्हणाली. "सुपारीच्या बैठकीत मला तुम्ही पहिल्यासारखे बोललेले ऐकायचेत. ह्यात सोळा कोअर आहेत, ग्राफिक्सचं कार्ड वेगळं आहे, त्याला स्वतःची मेमरी आहे. आता थांबायचं काम नाही."

खरंच थांबायचं काम नव्हतं. त्या सकाळी आबा जे बोलायला लागले ते जेवणापर्यंत. खिलारांच्या जाती झाल्या, आजोळची भांडणं झाली. आवाज कुठे उतरला नाही, घासला नाही. प्रांजलच्या डोळ्यांत पाणी आलं. वैजंताबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "झालं! सुटला बाई नळ." पण म्हणताना त्या हसत होत्या.

तात्पुरता लॅपटॉप घेऊन प्रांजल पुण्याला परतली आणि दुसऱ्याच दिवशी शेजारचे शिवदासतात्या चहाच्या वेळेला आले. तात्या नेहमी चहाच्याच वेळेला येत.

"या तात्या, बसा," आबा म्हणाले. आणि त्याच दमात, जरा खालच्या पट्टीत, स्पीकर म्हणाला, "आला, फुकटचा ढोसायला."

वैजंताबाईंच्या हातात गाळणं तसंच राहिलं. आबांनी छातीवरच्या स्पीकरवर हात ठेवला, जणू त्याचं तोंड दाबावं. असं काही ते बोललेच नव्हते! मनात आलं होतं, हे खरं. ते रोजच यायचं आणि रोज ते गिळायचे. तात्या मोठे खमके. बशी पुढे करून म्हणाले, "फुकटचाच हाय तर साखर तरी दोन चमचं टाका की."

त्या दिवशी हसण्यावारी गेलं. यंत्र नवं आहे, रुळेल, असं आबांनी मनाशी धरलं. तिथंच चुकलं.

रविवारी आबा बाजारात गेले. आबांचा धंदा दलालीचा, आणि सांगोल्याकडची जुनी रीत अशी की जनावराची किंमत तोंडानं बोलायची नाही. दलाल खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकतो. टॉवेलाखाली बैलाचा मालक दलालाची बोटं दाबून आपली शेवटची किंमत सांगतो, आणि मग तसंच गिऱ्हाईक. बघणाऱ्यांना दिसतो नुसता टॉवेल. मालकाचं कुठवर खाली यायचं आणि गिऱ्हाइकाचं कुठवर वर चढायचं, हे दलालाच्या पोटात राहतं. आबांच्या टॉवेलाखाली अख्ख्या तालुक्यातल्या दावणी येऊन गेल्या होत्या आणि एक आकडा कधी बाहेर फुटला नव्हता. लोक त्यांच्याकडे यायचे ते ह्याचसाठी.

त्या रविवारी महूदच्या गेजगे मालकांची खिलार जोडी होती आणि गिऱ्हाईक अथणीकडचं, चांगलं भुकेलेलं. गेजग्यांनी टॉवेलाखाली हात घातला, दोन-तीन वेळा बोटं दाबली. आणि आबांनी तेच केलं जे हाताच्या बोटांवर मोजणारा प्रत्येक माणूस करतो: आकडा मनातल्या मनात म्हटला.

"पंच्याऐंशीला सोडतोय," स्पीकर म्हणाला. खणखणीत, पहिल्यासारखा.

सगळ्या दावणीत हशा पिकला. अथणीचा माणूस मिशीत हसून म्हणाला, "मग पंच्याऐंशीच घ्या की, मालक." गेजग्यांनी चटका बसल्यासारखा हात ओढून घेतला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. जोडीचे कासरे सोडता सोडता एवढंच म्हणाले, "आबा, तुमच्या टॉवेलाला भोक पडलं."

आबा दुपारीच घरी आले. वैजंताबाईंनी काही विचारलं नाही. बाजाराची बातमी त्यांच्या आधी पोचली होती. नेहमीसारखी त्यांनी दुधात भाकरी कुस्करली, कारण ऑपरेशनपासून आबांना कोरडा घास उतरत नसे. वाटी पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "जाऊ द्या वो. बाजार काय, आज हाय उद्या न्हाई. तुमी जित्तं हाईसा, हेच लई झालं."

आणि आबांच्या मनात ते आलं. सहा वर्षांत अधूनमधून यायचं तसं आलं आणि नेहमीसारखं त्यांनी ते दाबलं.

"मला विचारलं न्हवतंस," स्पीकर म्हणाला. "मरू द्यायचं हुतंस."

काय घडलं होतं ते सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी मिरजेच्या दवाखान्यात आबांचा श्वास कोंडला, शुद्ध गेली. डॉक्टर कागद घेऊन बाहेर आले: स्वरयंत्र आत्ता काढलं तर माणूस राहील, नाहीतर नाही. वैजंताबाई तिथं एकट्या होत्या. त्यांनी सही केली. आबा जागे झाले आणि त्यांनी बायकोला हाक मारायला तोंड उघडलं, तर हाकच नव्हती. त्या घटकेला त्यांना पहिल्यांदा तसं वाटलं होतं. पण उशाशी बसलेल्या बायकोचा चेहरा त्यांनी पाहिला आणि ते गिळलं. पुढे कधी दिवस वाईट गेला की ते वर यायचं आणि ते पुन्हा गिळायचे. कुणाला सांगायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

वैजंताबाईंचा हात वाटीवर थांबला. "सहा वर्षं हे पोटात ठेवून माझ्या हातचं खाल्लंत व्हय?"

नाही गं, तसं नाही, असं आबांना म्हणायचं होतं. पण त्या 'नाही'च्या मागून यंत्र आणखी काय ओढून काढेल, ह्याची त्यांना एवढी भीती वाटली की त्यांनी गळ्याची पट्टी खसकन ओढून काढली. मग हातवारे करत राहिले. हातवाऱ्यांनी असल्या गोष्टी सांगता येत नाहीत. वैजंताबाई उठल्या आणि म्हशीला पाणी दाखवायला गोठ्यात गेल्या. म्हशीला त्यांनी मघाशीच पाणी दाखवलं होतं.

त्यानंतर आबांनी पट्टी लावली नाही. घरात कामापुरतं बोलणं, तेही एकाच बाजूनं. पुण्याहून प्रांजलचा फोन आला की वैजंताबाई सांगत, आबांचा गळा जरा चिघळलाय. पोरगी काळजीनं विचारायची, "पण बैठकीत बोलतील ना गं ते?"

बैठक तोंडावर आली तशी वैजंताबाईंनी लुगड्याचा पदर खोचला. नवऱ्यावरचा राग एका जागी आणि पोरीची सुपारी दुसऱ्या जागी, एवढं त्यांना कळत होतं.

"मुकं बसलासा तर पाव्हणं म्हणतील, बापाच्या मनात न्हाई. बोललासा तर काय भाईर पडंल ह्याचा नेम न्हाई. सुपारी फुटायची ऱ्हाईल आणि डोस्की फुटतील. उठा, मिरजेला चला."

मिरजेच्या वाचाकेंद्रात मुजावर मॅडम होत्या. आबांना पट्टीनं बोलायला त्यांनीच शिकवलं होतं, तेव्हा नव्या होत्या, आता सगळं केंद्र सांभाळत होत्या. "काका, लावा बघू पट्टी," त्या म्हणाल्या. आबांनी नकाराची मान हलवली. वैजंताबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "लावा. माझं ऐकायचं ते ऐकून झालंय."

आबांनी जीव मुठीत धरून पट्टी लावली. "नमस्कार मॅडम," ते म्हणाले. आणि स्पीकरनं पुस्ती जोडली, "ही एवढीशी पोरगी काय करणार!"

मुजावर मॅडम खळखळून हसल्या. "छान चाललंय की! अहो, घाबरू नका. मागच्या महिन्यात एक हेडमास्तर आले होते, त्यांनी तर मला पाच मिनिटांत तीनदा नापास केलं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. माणूस जो शब्द गिळतो, तोही जिभेपर्यंत आलेला असतो. लहर उठलेली असते, फक्त फार क्षीण. ती ओळखायची तर गोंगाटातून कुजबुज शोधावी लागते, आणि त्याला गणितं लागतात ढीगभर. यंत्राला वेळ मात्र पापणी लवण्याएवढाच. तेवढ्यात त्याला जेवढं खोल जाता येईल तेवढं ते जातं. जुन्या मध्यम प्रोसेसरला मोठ्यानं उठलेले शब्द जुळवता जुळवताच घाम फुटायचा. बारीक लहरी तो गोंगाट म्हणून सोडून द्यायचा. नव्याकडे ताकद उरते. उरलेल्या ताकदीनं तो तळ खरवडतो.

"मग त्याला सांगा की, बारीक ऐकू नको म्हणून," वैजंताबाई भिंतीकडेच बघत म्हणाल्या.

"सांगून पाहिलं, मावशी. मग काका हळू बोलले की तेही गाळतं. आणि कंपनीला कळवलं तर म्हणतात, कमी ऐकणारं यंत्र आजवर कुणी मागितलंच नाही."

वैजंताबाई आता वळल्या. त्यांना विचारायचं होतं ते त्यांनी इतक्या दिवसांत कुणाला विचारलं नव्हतं. "म्हंजे बाई, आत असतंय तेच खरं. आणि हे वरवर ग्वाड बोलत्यात ते खोटं. असंच का न्हाई?"

मुजावर मॅडमनी यंत्र टेबलावरच्या पडद्याला जोडलं. त्यांनी पडदा वैजंताबाईंकडे वळवला आणि आबांना म्हणाल्या, "काका, जे बोलायचं नाही असं काहीतरी मनात आणा. मी स्पीकर बंद केलाय." आबांनी डोळे मिटले. पडद्यावर एक रेघ जराशी उचलली गेली. तिच्या पाठोपाठ, तिच्यावर चाल करून आल्यासारखी, दुसरी रेघ उठली.

"ही पहिली शब्द उठवणारी. आणि ही दुसरी, तो दाबणारी. दोन्ही ह्यांच्याच मेंदूतून निघतात, मावशी. यंत्राला फक्त पहिली वाचता येते, कारण शब्द तिच्यात असतो. दुसरीत शब्द नसतो, नुसतं 'नको' असतं. ते यंत्र बोलून दाखवत नाही. पण तेही ह्यांचंच की."

वैजंताबाई पडद्याजवळ गेल्या. चष्मा नव्हता म्हणून अगदी नाक लावून त्यांनी पाहिलं. "ही दुसरी तर लई मोठी हाय."

"खूप मोठी आहे. मी इतक्या लोकांच्या बघते, एवढी क्वचित."

वैजंताबाई परत येऊन बसल्या त्या आबांच्या शेजारच्या खुर्चीवर.

स्पीकर पुन्हा चालू झाला तेव्हा आबांनी आधी मुद्दा सांगितला, सवय होती. "मॅडम, ह्यातलं निम्मं बंद करून द्या."

"काय?"

"मला मध्यम करून द्या. पहिल्यासारखं."

हे मागणं मुजावर मॅडमना नवं होतं. आजवर येणारा प्रत्येकजण वाढवूनच मागायचा. मग त्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, "अहो, हे मला कसं सुचलं नाही! मध्यम प्रोसेसर तरी वेगळा कुठे असतो?" सिलिकॉनच्या एकाच चकतीतून शेकडो प्रोसेसर कापतात, त्या सांगत होत्या, आणि प्रत्येकाची परीक्षा घेतात. एखाद्याचा कोपरा चालत नसला तर तेवढा कोपरा बंद करून तो मध्यम नावानं विकतात. कधीकधी सगळं धडधाकट असतं, पण बाजाराला मध्यमच हवा असतो, मग चांगल्या खोल्यांनाही कुलूप लावतात. "आपण पण लावू की कुलूप!"

त्यांनी वेगळं ग्राफिक्स कार्ड बंद केलं. बोलण्याचं काम प्रोसेसरच्या आतल्या, ताटातलं खाणाऱ्या ग्राफिक्सकडे दिलं. सोळापैकी आठ कोअर झोपवले. शेवटी वॅटची मर्यादा विचारली तेव्हा आबा आणि वैजंताबाई एकदम म्हणाले, "अठ्ठावीस." घरातल्या माणसाचा चपलेचा नंबर विचारावा आणि सगळ्यांना पाठ असावा, तसं.

"आता परीक्षा," मॅडम म्हणाल्या. "माझ्याबद्दल वाईट काहीतरी मनात आणा. बोलू मात्र नका."

"तुमच्याबद्दल आता वाईट येईना," आबा म्हणाले.

"मग मावशींबद्दल."

वैजंताबाईंनी डोळे वटारले. आबांनी छताकडे बघितलं. खोलीत सगळे कान देऊन बसले. पिशवीत पंखा जरासा घुरघुरला आणि थांबला. स्पीकरमधून हूं की चूं नाही.

"काय आणलंत मनात?" वैजंताबाईंनी विचारलं.

"न्हाई सांगणार!" आबा म्हणाले. आणि खांदे हलवून हलवून हसले, गळ्याच्या भोकातून हवा फुसफुसत होती तरी हसतच राहिले. केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! बोलता येतं ह्याचं सुख त्यांनी सहा वर्षांपूर्वी ओळखलं होतं. न बोलता राहता येतं ह्याचं आज कळलं.

बैठकीला अकलूजचे पाहुणे आले. हर्षद आणि त्याचे आईवडील साधे, पण बरोबर त्याचे एक मामा होते. मामांनी बसल्या बसल्या आपल्या गाडीचं, बागेचं आणि ओळखीच्या पुढाऱ्यांचं जे चऱ्हाट लावलं ते संपेना. आबा मान डोलवत ऐकत होते. पिशवीतला पंखा घुरघुरला.

आतल्या दारामागे प्रांजलनं आईचा हात धरला. "आई, आबा काहीतरी गिळतायत."

"गिळू दे," वैजंताबाई म्हणाल्या. "गिळलेलं पचतंय."

शेवटी गावचे थोरले पाटील म्हणाले, "काय औदुंबर, फोडायची का सुपारी?" सगळ्यांच्या नजरा आबांवर. प्रांजल दारात येऊन उभी राहिली, आणि तिच्याकडे बघताच आबांच्या गळ्यात जे उठलं ते कुठल्याही बापाच्या उठतं. जाऊ नकोस गं. पंखा असा घोंगावला की मामासुद्धा गप्प झाले. आबांचा हात स्पीकरवर गेला. मिरजेत तपासलं होतं ते क्षुल्लक होतं. हे तर नरड्याशी आलेलं. स्पीकर बोलला तर पोरीचं काय होईल?

स्पीकर बोलला नाही. पंखा हळूहळू शांत झाला, यंत्र निवलं, आणि मग आबांनी हातात असलेलं अर्धं मिनिट वापरलं.

"माझी पोरगी शहाणी हाय. तिनं निवडलं ते मला मनापासून पसंत. हर्षदराव, कवा भांडण झालंच तर आधी मुद्दा बोला, बाकीचं निवल्यावर बोला. संसार टिकतोय." वेग उतरायला लागला होता, पण शेवटचे दोनच शब्द राहिले होते. "फोडा... सुपारी."

सुपारी फुटली. गलका झाला, पेढे फिरले. प्रांजल आबांच्या पाया पडायला वाकली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं. "आबा, एवढं नवं मशीन, आणि शेवटी पुन्हा अडकलात कसे?"

"अडकलो न्हाई. मुद्दाम तसं करून घेतलंय."

"त्यात निम्म्याला कुलूप लावलंय," तिची आई म्हणाली. "नंतर सांगते. जा, पाव्हण्यांना पाणी दे."

ऊन कलायच्या आत पाहुणे गेले. प्रांजल त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेली. वैजंताबाई सतरंजीवरच्या कपबशा गोळा करत होत्या. मिरजेपासून त्या नीट बोलत होत्या, जेवायला वाढत होत्या, पण 'तुमी जित्तं हाईसा हेच लई' हे त्यांचं रोजचं वाक्य मात्र त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. आबांनी ते टिपलं होतं.

"वैजंता, हिकडं ये. बस जरा."

त्या पदराला हात पुसत येऊन बसल्या. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, दोघांच्या हातांवर टाकला आणि त्याखाली बायकोचा हात धरला. एवढ्या वर्षांत त्या टॉवेलाखाली बाईमाणसाचा हात कधी आला नव्हता.

"अवं, मी काय दावणीला लावलेली गाय हाय व्हय?" पण त्यांनी हात सोडवला नाही.

आबांनी बोट दाबलं नाही. किंमत सांगण्यासारखं काही नव्हतंच. नुसता हात धरून ते म्हणाले, "त्या दिवशी मिरजेत तू मला विचारलं न्हाईस."

वैजंताबाईंचा हात ताठ झाला. पिशवीत पंखा सुरू झाला.

"विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. मेलो असतो. पोरीची आजची सुपारी बघितली नसती." पंखा घोंगावत होता. वेग उतरला आणि शब्द एकेक करून, जडपणे यायला लागले. आबांनी घाई केली नाही. "लई... बरं झालं... विचारलं न्हाईस."

वैजंताबाईंनी टॉवेलाखाली आबांचा हात घट्ट धरला. मग डोळे न पुसताच त्यांनी विचारलं, "हे गिळलेलं भाईर आलं, का बोललासा?"

"बोललो."

"मग परत बोला," त्या म्हणाल्या. "मेल्या पंख्यात नीट ऐकू आलं न्हाई."

आबांनी यंत्र निवू दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून बोलले.